नाल्याकाठून कॉलेजपर्यंत पायवाट करायची आहे, छोट्या गावाला लँडस्केप आर्किटेक्ट लागतो का?

नाल्यापलीकडचा

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहितोय, पण वाचा आणि कोणाला यातलं कळत असेल तर नक्की सांगा.

आमचं गाव यवतमाळ-मूर्तिजापूर लाइनवरचं, म्हणजे शकुंतला नावाच्या जुन्या छोट्या रेल्वेगाडीच्या लाइनवरचं. तालुक्याचं ठिकाण आहे, क वर्ग नगरपरिषद, तीस-पस्तीस हजार वस्ती. गाडी बंद पडली, रूळ झुडपात गेले, पण लोकं अजून त्या लाइनवरून चालून राहिले. सकाळी म्हातारी मंडळी, साडेनऊला कॉलेजच्या पोरी, संध्याकाळी डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन येणाऱ्या बाया. कारण एकच, कॉलेजला जायचा दुसरा रस्ता म्हणजे हायवे, आणि तो रुंद झाल्यापासून तिथं पायी माणसाला जागाच राहिली नाही. मागच्या वर्षी माझ्या भाचीला तिथंच एका गाडीने कट मारला, पाय मोडला, तीन महिने कॉलेज बुडालं. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

लाइनच्या बाजूबाजूनेच एक नाला जातो, बाजाराच्या मागून निघतो आणि कॉलेजच्या कंपाउंडला लागून पुढे जातो. अंतर साडेतीन किलोमीटर असेल. आम्ही सात-आठ जण आहोत, दोन मास्तर, एक मेडिकलवाला, बचत गटाच्या ताई, आणि आमची इच्छा आहे की नाल्याकाठून चालायला आणि सायकलला एक चांगली वाट व्हावी. नगरपरिषदेत गेलो तर त्यांनी ऐकून घेतलं, नाही म्हणत नाही, पण जे इस्टिमेट दाखवलं त्यात जॉगिंग ट्रॅक आहे, लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक, एलईडी खांब, लोखंडी बाक आणि शेवटी सेल्फी पॉइंट. आणि ट्रॅक फक्त सहाशे मीटरचा, बाजाराजवळचा. कॉलेजपर्यंत जातच नाही. मला काहीतरी चुकतंय असं वाटतं पण काय ते नीट सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही म्हणून मीटिंगमध्ये गप्प बसावं लागतं.

पुण्यातला एक मित्र म्हणाला लँडस्केप आर्किटेक्टला विचार. आमच्याकडे लँडस्केपवाला म्हणजे बंगल्यासमोर लॉन लावून देणारा. तर असा माणूस या कामात नेमकं काय करतो, आमच्यासारख्या गावात येतो का, आणि रेल्वेच्या जागेचं काय करायचं? नाल्याच्या थडीवर, म्हणजे काठावर, दहा-बारा घरंही आहेत, गरीब लोकं आहेत, त्यांचंही टेन्शन आहे.

माती_आणि_सावली

दादा, मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे, विदर्भातच काम करते. छोट्या गावात येतात का, तर हो, येतात. फक्त बोलावणं उशिरा येतं. पेव्हर बसलेले असतात, खांब उभे झालेले असतात आणि मग फोन येतो की मॅडम झाडं कोणती लावायची ते सांगा. तोपर्यंत आमचं जे खरं काम असतं ते होऊन गेलेलं असतं, नाहीतर बिघडून गेलेलं असतं.

तुम्हाला काय चुकतंय ते मी सांगते. ते इस्टिमेट फिरायला येणाऱ्या माणसासाठी आहे आणि तुम्हाला वाट हवीये ती जाणाऱ्या माणसासाठी. सहाशे मीटर जाऊन परत फिरायचं म्हणजे व्यायाम झाला. भाऱ्यावाली बाई आणि कॉलेजची पोरगी तिथं कशाला येईल? मीटिंगमध्ये एवढंच विचारा, हा ट्रॅक कोणाला कुठून कुठे नेतो.

आता आम्ही काय करतो. मी साइटवर गेले की पहिले दोन दिवस काही काढतच नाही, नुसती चालते, एकदा सकाळी, एकदा भर दुपारी, एकदा अंधार पडताना, आणि जमलं तर पावसात. लोकं कुठून चालतात ते जमिनीवर दिसतंच, गवत तुडवलेलं असतं, काट्याच्या कुंपणाला फट पाडलेली असते, नाल्यात दगड टाकलेले असतात. ती वाट लोकांनी कितीतरी वर्षं चालून ठरवलेली असते, तिला फार हात लावायचा नसतो, जिथं पाय घसरतो किंवा जीव घाबरतो तिथंच काम करायचं असतं.

मग पाणी. मोठ्या नद्यांना निळी आणि लाल पूररेषा आखलेली असते, निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल असा पूर आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येईल असा. पण गावातल्या नाल्याला बहुतेक ठिकाणी अशी रेषाच नसते. मग म्हाताऱ्यांना विचारायचं, पाणी देवळाच्या कितव्या पायरीला लागलं होतं, कोणाच्या गोठ्यात शिरलं होतं, आणि ते सगळं नकाशावर टिपायचं. कुठून वाट वर न्यायची आणि कुठे पाण्याला तिच्यावरून जाऊ द्यायचं हे त्यावरून ठरतं. जिथं दरवर्षी पाणी चढतंच तिथं भराव टाकून भिंत बांधायच्या भानगडीत पडू नका, ती भिंत पाणी समोरच्या थडीवर ढकलते आणि तुमची दहा-बारा घरं कदाचित तिथंच असतील. तिथं दगडाचा रपटा करा, म्हणजे पाणी वरून वाहून जाईल अशी बुटकी फरशी. पावसाळ्यातले चार-सहा दिवस वाट बंद राहील, राहू दे.

माती तर तुमच्याकडे काळी, आणि पेव्हरचं सगळ्यात मोठं दुखणं तेच आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, तिच्यावर नुसती गिट्टीची चुरी टाकून ब्लॉक बसवले तर एक-दोन पावसाळ्यांत वरखाली होतात, आणि म्हातारं माणूस अडखळून पडतं ते बरोबर तिथंच. माझं मत विचाराल तर काळी माती काढा, खाली कडक मुरूम थराथराने टाका, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर फिरवा, मध्ये जरा उंच आणि दोन्हीकडे उतार ठेवा म्हणजे पाणी साचत नाही, आणि शेताकडच्या बाजूने छोटी नाली काढा. दरवर्षी थोडा मुरूम टाकावा लागतो, पण ते गावातल्या माणसाला जमतं, त्याला बाहेरून कोणी आणावं लागत नाही. माथेरानच्या लाल मातीच्या वाटांवर पेव्हर टाकायचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, म्हणजे वाट कशाची करायची हा प्रश्न किती मोठा असतो बघा.

सावलीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, झाडाची सावली बुडाशीच पडते. म्हणजे वाटेपासून वीस फुटांवर शोभेची रांग लावली तर दुपारी चालणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. झाड वाटेला खेटून हवं, आणि वर पसरणारं हवं. थडीला करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन (आपल्याकडे कहू पण म्हणतात), वर कोरड्या अंगाला कडुनिंब, चिंच, हिवर. जी शिंदी आणि बाभळी आहेत त्या ठेवा, पाखरं तिथंच राहतात. वेडी बाभूळ मात्र मुळासकट काढावी लागते, वरून छाटली की दुप्पट येते. जोधपूरला राव जोधा पार्कचं काम २००६ मध्ये सुरू झालं तेव्हा खडकातली ही मुळं काढायला त्यांनी तिथल्या परंपरेने दगड फोडणाऱ्या लोकांना बोलावलं होतं, यंत्राने जमत नव्हतं. आज तिथं त्याच खडकातून पायवाटा आहेत आणि मारवाडातलीच झाडंझुडपं. आणि हो, कोनोकार्पस हे परदेशी शोभेचं झाड कोणी फुकट दिलं तरी लावू नका.

घरांबद्दल. माझी कळकळीची विनंती आहे की वाट घरांच्या मागून किंवा पुढून वळवा, घरं हलवायचा विषय तुमच्या अर्जात येऊच देऊ नका. एकदा कागदावर अतिक्रमण हा शब्द आला की मग तो कागद तुमच्या हातात राहत नाही. उलट त्या लोकांना पहिल्या मीटिंगला बोलवा, नाला त्यांच्याइतका कोणी ओळखत नाही.

पैशाचं म्हणाल तर सुरुवातीला पूर्ण फीचा सल्लागार नेमायची गरज नाही. आम्हा लँडस्केप आर्किटेक्टची देशपातळीवरची संस्था आहे, इसोला, २००३ पासून, तिच्याकडून तुमच्या भागातल्या लोकांची नावं मिळतील. आणि लँडस्केपचं पोस्ट ग्रॅज्युएशन जिथं चालतं, पुण्याला भानुबेन नानावटी कॉलेजमध्ये आहे, भोपाळच्या एसपीएमध्ये (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) आहे, तिथल्या मुलांना सेमिस्टरला खरी साइट लागते. पत्र लिहा. मुलं येऊन मोजतील, लोकांशी बोलतील, नकाशे काढतील. मुलांचं काम म्हणजे अंतिम प्लॅन नव्हे, पण मीटिंगमध्ये टेबलावर पसरायला तुमच्याकडे काहीतरी येतं.

शकुंतलेचं_तिकीट

बाकी चर्चा चांगली चाललीये पण एक गोष्ट मी आधीच सांगून ठेवतो. लाइनला हात लावू नका.

मी या गाडीने शाळेत गेलो आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर-अचलपूर ७६, अडीच फुटांची अरुंद लाइन. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं, मग डिझेल आलं. बाजाराच्या दिवशी कोंबड्या, भाजीच्या डालक्या, आजारी माणूस, सगळे तिच्यात. एसटीच्या तिकिटाला ज्याच्याकडे पैसे नव्हते त्याची ती गाडी होती. ती ब्रॉडगेज होऊन परत सुरू व्हावी म्हणून लोकं वर्षानुवर्षं निवेदनं देऊन राहिले, आमच्या घरातून मी दिली, आता पोरगा देतो. तुम्ही तिथं बाक टाकले, झाडं लावली की उद्या कोणीतरी म्हणेल, बघा, लोकांना बगिचा पाहिजे, गाडी नको. मला तुमच्या भाचीचं वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण वाट नाल्याच्या बाजूनेच करजा, रुळावर नका करू.

मोनोंगाहेलाकाठी

काका, तुमचं वाचून अंगावर काटा आला, कारण मी जिथं राहते तिथं याच भीतीतून एक कायदा झाला.

मी मूळची अकोल्याची, बरीच वर्षं अमेरिकेत पिट्सबर्गला आहे. आमच्या शहरातून ग्रेट ॲलेगेनी पॅसेज नावाची सायकल-पायवाट निघते ती १५० मैल, म्हणजे २४० किलोमीटर, मेरीलँडमधल्या कंबरलँडपर्यंत जाते. जवळजवळ सगळी जुन्या बंद पडलेल्या रेल्वे लाइनवर आहे. पहिला तुकडा १९८६ मध्ये ओहायोपाइल या छोट्याशा गावाजवळ उघडला आणि शेवटचा २०१३ मध्ये जोडला गेला, म्हणजे सत्तावीस वर्षं. हे मुद्दाम सांगतेय, साडेतीन किलोमीटर दोन वर्षांत झाले नाहीत तर निराश होऊ नका.

कायद्याचं असं, की अमेरिकेत लाइन बंद पडली की जमीन अनेकदा मूळ मालकांकडे परत जायची, तुकडे व्हायचे आणि मग तिथं परत रेल्वे आणायची म्हटली तरी येणार नाही. म्हणून १९८३ मध्ये त्यांनी तरतूद केली की लाइन मोडीत न काढता तिची पट्टी अखंड राखून ठेवायची, तोवर तिथून लोकांना चालू द्यायचं, आणि पुढे रेल्वे लागली तर पट्टी परत रेल्वेला द्यायची. म्हणजे तिथं वाटेमुळे लाइनची जागा वाचली. आपल्याकडे असा कायदा नाही आणि इथं त्या लाइन परत सुरू करा अशी लोकांची मागणी नव्हती, तुमच्या लाइनसाठी ती आहे, त्यामुळे नाल्याची बाजूच धरा हे मलाही पटतं. पण काका, वाट आणि गाडी एकमेकांच्या वैरी असतातच असं नाही एवढंच म्हणायचं होतं.

दादांच्या प्रश्नाला उपयोगी पडेल असं आणखी एक. या वाटेवर वेस्ट न्यूटन, कॉनेल्सव्हिल, रॉकवुड, मायर्सडेल अशी गावं आहेत, कोळसा-पोलाद गेल्यावर ओस पडत चाललेली. वाट आली तरी सुरुवातीला माणसं गावाच्या कडेने निघून जायची, कारण वाट खाली नदीकाठी आणि बाजार वर, मध्ये चढ, पाटी नाही, सायकल लावायला जागा नाही. मग २००७ पासून तिथं गावागावासाठी एक कार्यक्रम सुरू झाला, त्यात मुख्य अभ्यास हाच की वाटेवरून उतरलेला माणूस बाजारपेठेत कसा पोचतो. तो पाव-अर्धा मैलाचा तुकडा, तिथली सावली, पाटी, पाण्याचा नळ, रस्ता ओलांडायची जागा. मायर्सडेलचं जुनं स्टेशन आता वाटसरूंचं थांबायचं ठिकाण आहे आणि गावाचं छोटं म्युझियमपण. मी आई-बाबांना तिथं घेऊन गेले होते, बाबा पंच्याहत्तरीचे, आरामात चालले, कारण आगगाडीला चढ चालत नाही, मग वाटही सपाटच असते. आणि एवढ्या लांब वाटेवर बहुतेक ठिकाणी काय आहे माहितीये का, दाबून बसवलेली चुनखडीची बारीक चुरी. पेव्हर नाहीत. ताई मुरमाचं म्हणतायत तेच.

इथं सरकारची नॅशनल पार्क सर्व्हिस आहे, तिचा एक विभाग फक्त गावांना मदत करतो. नद्या आणि पायवाटांसाठी. गाव अर्ज करतं, निवड झाली की त्यांचे प्लॅनर आणि लँडस्केप आर्किटेक्ट येऊन गावाबरोबर बसतात, लोकांच्या बैठका घेतात, नकाशा करून देतात, पुढे पैसे कुठून मागायचे ते दाखवतात. स्वतः एक डॉलरचं अनुदान देत नाहीत. मला आधी वाटायचं पैसे नाहीत तर काय मदत, पण एका अशा बैठकीला बसले आणि कळलं की गावाला सगळ्यात जास्त अडतं ते पहिल्या कागदापाशी. आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात असा एक माणूस असायला हवा असं फार वाटतं.

एमबी_लिहिणारा

नगरपरिषदेत ओव्हरसियर म्हणून पूर्ण नोकरी केली, आता रिटायर. बाकीच्यांनी विचार सांगितला, मी कागद सांगतो.

रेल्वे लाइन बंद असली तरी जागा तुमची नाही. रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४७, विनापरवाना शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, लोकं चालतात ते कोणी बघत नाही म्हणून. त्यात शकुंतलेची मालकी म्हणजे ब्रिटिश काळातल्या खासगी कंपनीचा करार, त्या गुंत्यात नगरपरिषदेने एक रुपया घातला तरी ऑडिटला उत्तर देता येणार नाही. सोडा.

नाला मात्र सरकारचा. जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नदी, नाले, रस्ते जे कोणाच्या खासगी मालकीचे नाहीत ते राज्य सरकारचे. पण नाल्याची थडी कुठपर्यंत आणि शेत कुठून, हे डोळ्यांनी ठरत नाही. भूमी अभिलेखच्या ऑफिसातून गाव नकाशा काढा. तुमच्या साडेतीन किलोमीटरमध्ये जुनी पाऊलवाट किंवा गाडीवाट नकाशावर असायची दाट शक्यता आहे. एकेरी तुटक रेषा असली तर पायवाट, सव्वाआठ फूट. दुहेरी तुटक असली तर गाडीवाट, साडेसोळा ते एकवीस फूट. ती निघाली तर अर्धी लढाई संपली, कारण मग नवीन जागा मागायची नाही, आहे ती मोकळी करायची आहे. कोणी अडवली असेल तर तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय कायद्याखाली अर्ज चालतो. आधी चहा पिऊन बोला, मग अर्ज.

नगरपरिषदेची हद्द कुठे संपते ते पण बघा. कॉलेज बहुतेक हद्दीबाहेर असतं आणि मग पुढचा तुकडा ग्रामपंचायतीचा. इस्टिमेट सहाशे मीटरचंच का, याचं एक कारण हेही असू शकतं. पुढच्या तुकड्याला शेत-पाणंद रस्त्याची योजना लावता येते, अलीकडच्या तुकड्याला जिल्हा नियोजनचा निधी, शहरांसाठीची नगरोत्थान योजना, आणि अमृत दोन या योजनेत जलस्रोत आणि बगिचे दोन्ही बसतात. म्हणजे एक वाट, दोन-तीन खिसे. त्यामुळेच सगळी वाट दाखवणारा एक नकाशा आधी लागतो, नाहीतर प्रत्येक जण आपला तुकडा करतो आणि तुकडे जुळत नाहीत. लँडस्केपवाल्या ताईंचा खरा उपयोग मला तिथं दिसतो.

आता पेव्हर का येतात ते सांगतो. पेव्हर चौरस मीटरमध्ये मोजता येतो, एमबीत म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत चढतो, बिल निघतं, फोटो येतो. झाडाला तीन वर्षं पाणी घातलं हे एमबीत कसं चढवणार? मी स्वतः शेकडो झाडं अशी मेलेली बघितली आहेत, ट्री गार्ड उभं आणि आत काडी. म्हणून टेंडरमध्येच लिहून घ्या की देखभाल तीन वर्षं आणि शेवटचा हप्ता जिवंत झाडं मोजून, प्रत्येक उन्हाळ्याच्या शेवटी मोजणी, ती मोजणी नागरिकांसमोर. हे लिहिलेलं असलं की चांगला कंत्राटदार टिकतो आणि बाकीचे आपोआप भरत नाहीत. आणि शक्य असेल तर पाण्याचं काम बचत गटाला द्या.

बांधावरून

माझं शेत अशाच एका नाल्याला लागून आहे, दुसऱ्या तालुक्यात. शेतकऱ्याच्या बाजूने लिहितो. तुम्ही वाट म्हणता तेव्हा आम्हाला ऐकू येतं की जमीन जाणार, तूर-हरभऱ्याच्या घाट्या तोडल्या जाणार, रात्री बाटल्या फुटणार. आमच्याकडे वाट केली तेव्हा कोणी विचारलंच नाही, डायरेक्ट जेसीबी आला, माझ्या बांधावरची बोर गेली, आज्याने लावलेली. मी दोन वर्षं भांडलो. विचारलं असतं तर मी स्वतः चार फूट सोडले असते, मलाही बैलबंडी न्यायला रस्ता पाहिजेच ना. तर आधी घरोघरी जा, शेतात जा, उन्हाच्या आधी सकाळी जा, बाया पण असतात तेव्हा. आणि जनावरं नाल्यावर पाण्याला कुठे उतरतात ते विचारून तो उतार तसाच ठेवा, नाहीतर म्हशी तुमचा मुरूम एका महिन्यात खाली आणतील.

सातची_बस

मी एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवते. दादा, तुम्ही पोरींचं लिहिलंत म्हणून सांगते, वाट झाली आणि पोरी गेल्या नाहीत असंही होतं. आमच्या कॉलेजमागून एक चांगली वाट आहे, पण दोन्ही बाजूंनी भिंत, मधे बाहेर पडायला कुठेच जागा नाही, पोरी म्हणतात मॅडम त्यात शिरलं की शेवटापर्यंत जावंच लागतं. म्हणून त्या हायवेनेच जातात. वाटेला दर दोन-तीनशे मीटरला एखादी गल्ली, एखादं घर, एखादी टपरी दिसली पाहिजे. झुडूप गुडघ्याएवढंच, आणि झाडाच्या खालच्या फांद्या डोक्याच्या वर, म्हणजे समोरचं माणूस लांबून दिसतं. लाइट नुसते वाटेवर नकोत, वाटेवर येणाऱ्या गल्लीतही हवेत. आणि स्वच्छतागृह. थडीला जर सकाळी लोकं टमरेल घेऊन येत असतील तर त्याचं आधी काही करावं लागेल, त्यावर झाडं लावून ते झाकलं जात नाही. एक करा, पोरींनाच नकाशा द्या आणि त्यांना जिथं भीती वाटते तिथं लाल टिकली लावायला सांगा. आम्ही वर्गात हे केलं होतं, ज्या जागेचा मला कधी संशयही आला नव्हता तिथं सगळ्यात जास्त टिकल्या होत्या.

नाल्यापलीकडचा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काका, लाइनला हात लावणार नाही, शब्द देतो. आमचे वडीलही त्याच गाडीने गेलेले.

मधल्या दहा-बारा दिवसांत काय झालं ते लिहितो. रविवारी आणि सोमवारी सकाळी आम्ही सहा ते दहा चार जागी वही घेऊन बसलो, बाजाराच्या मागे, जुन्या दगडी पुलाजवळ, त्या घरांपाशी आणि कॉलेजच्या गेटला. वहीची पानं भरली. मला वाटत होतं सगळ्यात जास्त कॉलेजच्या पोरी असतील, पण पुलाजवळ सगळ्यात जास्त निघाल्या मजुरीला जाणाऱ्या बाया, त्या सहालाच निघतात, आमचं कोणाचं त्या वेळी तिकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. त्यांना बाक नको, सेल्फी पॉइंट नको. एकीला विचारलं तर म्हणाली, पुलाखाली दगड निसरडे हायेत भाऊ, तेवढं करून द्या, पाऊस आला की पोराला कडेवर घेऊन उतरता येत नाही.

थडीवरच्या घरांमध्ये एक आजी आहेत, त्यांनी पुराची खूण दाखवली, भिंतीत खिळा मारून ठेवलाय त्यांनी. तो खिळा नगरपरिषदेच्या ट्रॅकच्या लेव्हलपेक्षा वर आहे, आमच्यातल्या एका मास्तरांनी पाण्याची नळी धरून लेव्हल काढली. म्हणजे ते लाल-पिवळे ब्लॉक पाण्याखालीच जाणार होते. हा फोटो मी मीटिंगला नेणार आहे.

गाव नकाशासाठी अर्ज दिलाय. भोपाळला आणि पुण्याला दोन्हीकडे पत्र लिहायला घेतलंय. माती_आणि_सावली ताई, एक विचारायचं आहे, पत्रात साडेतीन किलोमीटरची पूर्ण वाट लिहू का आधी फक्त पूल ते घरांपर्यंतचा तुकडा? मुलांना एका सेमिस्टरमध्ये किती जमतं?

माती_आणि_सावली

नकाशा पूर्ण साडेतीन किलोमीटरचा मागा, आणि बारीक डिझाइन फक्त पुलाखालच्या उताराचं. पहिलं काम तेच होऊ द्या. त्या खिळ्याचा फोटो मलाही पाठवा, आणि आजींना विचारा की तो कोणत्या सालचा आहे.